यंदा नको

लिमये सर कुणाच्या घरी चहाला गेले, की दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्या मुलाभोवती घोळका जमायचा. काय म्हणाले, एवढं एकच सगळ्यांना विचारायचं असे. सर "यंदा बस" म्हणाले असतील, तर मुलगा सायकल उडवतच यायचा. "यंदा नको" म्हणाले असतील, तर तो त्या दिवशी यायचाच नाही. घरात बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहायचा. आई, बाप, आजोबा, काका, ह्यांतलं कोण?

ही गोष्ट पन्नास-साठच्या दशकातल्या जयपूरची. मी नऊ वर्षं सरांच्या हाताखाली प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते, म्हणजे बेडूक कापायला शिकवणारी बाई. आता मी राहते त्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक तरुण डॉक्टरीणबाई आहे. तिला मी हे सांगायला लागले की ती मान हलवत गोड हसते, आणि ते मला फार झोंबतं. हसो बापडी. मीसुद्धा पुष्कळ वर्षं हसत होते.

तेव्हाची पद्धत आधी सांगते. मेडिकलला जायचं तर प्री-मेडिकलचं वर्ष झालं की प्रवेश परीक्षा द्यायची, आणि तिचा निकाल हातात आला की मग मेडिकल कॉलेजकडे अर्ज करायचा. आमच्याकडे ह्या परीक्षेला दोनदाच बसू देत. त्यामुळे कधी बसायचं ह्यावर घराघरात खल चालायचा. वर्गाबरोबर यंदाच बसून घ्यावं, की एक वर्ष बी.एस्सी.त काढून, पक्की तयारी करून, पुढल्या साली बसावं? जानेवारीत फॉर्म निघत आणि मे महिन्यात परीक्षा. जानेवारी उजाडला की मुलं बुधवारी मोती डूंगरीच्या गणपतीला जायची आणि तिथून तशीच चालत तिलक नगरला, लिमये सरांच्या दारात. "सर, इस साल बैठूँ?"

सर तिथल्या तिथे कधीच सांगत नसत. "पहिले घर पे चाय पिलाव," असं त्यांच्या त्या मिरजेच्या हिंदीत म्हणत. जयपुरात वीस वर्षं काढली तरी त्यांच्या हिंदीला मिरजच होती.

दिसायला माणूस अगदी साधा. उंच, किंचित वाकलेला, अंगात बारा महिने तोच राखाडी कोट, काखोटीला छत्री. जयपुरात छत्री! पाऊस वर्षातून मोजून पंधरा दिवस. विचारलं तर म्हणायचे, उन्हालासुद्धा छत्री लागते, बाई. पण उन्हात कधी उघडलेली मी तरी पाहिली नाही. मला ते "बाई"च म्हणत, मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते तरी. रागावणं नाही, ओरडणं नाही. बेडूक भुलीच्या बरणीत टाकायच्या आधी प्रत्येक मुलाने तो मिनिटभर तळहातावर धरायचा, असा त्यांचा नियम होता. "ओळख करून घ्या त्याची," म्हणायचे. मुली किंचाळायच्या, मुलं फिदीफिदी हसायची, सर शांतपणे घड्याळाकडे बघत उभे. बरणीत टाकायचं काम मात्र त्यांनी जन्मात केलं नाही. ते आमचे प्रयोगशाळेतले शिपाई भँवरजी करत.

आणखी एक काम ते करत नसत, ते म्हणजे मोजणं. आधी माझ्या लक्षात आलं नाही. हजेरी मी घ्यायची, परीक्षानळ्या मी मोजायच्या, इथपर्यंत ठीक. वरिष्ठ माणसं खालच्यांच्या डोक्यावर मिरी वाटतातच. पण एकदा आम्ही आमेरच्या तलावावर नमुने गोळा करायला मुलांना घेऊन गेलो होतो. निघताना मला उशीर झाला, ड्रायव्हर हॉर्न वाजवून हैराण, आणि सर बसच्या दाराशी पाठ करून उभे. मी धापा टाकत आले तर म्हणाले, "मोजा तुम्ही, बाई. मी नाही मोजत." मी मोजली. सगळी होती. सरांनी रुमालाने मानेवरचा घाम पुसला. डिसेंबर महिना होता.

चहाला गेले की मात्र मोजत. तेवढं एकच ठिकाण. दारातून आत आले की खुर्ची पुढे केली तरी लगेच बसायचे नाहीत. घरातली सगळी माणसं येऊन उभी राहीपर्यंत थांबायचे, ओठ हलायचे, मग बसायचे. मार्क विचारायचे नाहीत, अभ्यास विचारायचे नाहीत. बशीत ओतून चहा प्यायचे आणि उठताना दोन शब्द सांगायचे. कुणी खोदून विचारलं तर, "घाई परीक्षेला असते, शरीराला नसते," असलं काहीतरी बोलून छत्री उचलायचे. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

माझ्यासमोर घडलेलं पहिलं प्रकरण माथुरचं. पोरगा वर्गात पहिला. त्याला "यंदा नको" म्हटल्यावर आम्ही सगळे चाटच पडलो. त्याचे वडील वकील, पैलवानी गडी, हसून म्हणाले की मास्तरजींना आमचा चहा आवडलेला दिसत नाही. पण मुलगा आज्ञाधारक, त्याने फॉर्म भरला नाही. एप्रिलमध्ये एका सकाळी वकीलसाहेब आरशासमोर दाढी करत होते, ते तिथेच कोसळले. दुसऱ्या वर्षी माथुर बसला, पहिल्या फटक्यात मेडिकलला गेला. त्याची आई सरांचे पाय धरायला कॉलेजात आली होती. मुलाची संधी तुम्ही वाचवलीत म्हणाली. सर मागच्या सामानाच्या खोलीत जाऊन बसले आणि मला सांगितलं, घरी गेले म्हणून सांगा. मी सांगितलं. ती बाई गेल्यावरही ते तासभर बाहेर आले नाहीत.

मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली.

मग सुशीला नावाची एक मुलगी. तिने ऐकलं नाही, बसली. दुसऱ्या पेपरला मी त्याच हॉलमध्ये देखरेखीला होते. दाराशी तिचे काका येऊन उभे राहिले. तिने मान वर करून त्यांना पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि उठून चालायला लागली. आई गेली होती, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

तिसरं घर व्यापाऱ्याचं. एव्हाना शहरात बोलबाला झालेला. ती माणसं हुशार. सर येणार त्या दिवशी त्यांनी म्हाताऱ्या आजोबांना बैलगाडीत घालून बगरूला लेकीकडे पाठवून दिलं. सरांच्या नजरेलाच पडले नाहीत म्हणजे झालं! बाकीची सगळी ठणठणीत मंडळी ओळीने उभी केली. वर घेवर मिठाईचं ताट. सरांनी ओठ हलवले, चहा प्यायला, घेवराला हात लावला नाही आणि "यंदा नको" म्हणून उठले. आजोबा त्यानंतर कितीतरी वर्षं बगरूहून जयपूर आणि जयपूरहून बगरू करत होते. धुळवडीच्या दिवशी एकोणीस वर्षांचा थोरला नातू बावडीत पोहायला उतरला, तो वर आला नाही.

त्यानंतर मी फांदी आणि कावळा बोलायची बंद झाले. भँवरजी तर सरांची सावली अंगावर पडू देत नसत. "बहनजी, साब की ज़बान काली है," मला कुजबुजून म्हणाले. मी त्यांच्यावर डाफरले. पण खरं सांगायचं तर मीही मनात टिपून ठेवत होते. ज्या घरी "यंदा बस" म्हणाले, त्यांतल्या एकाही घरात त्या वर्षी सुतक आलं नव्हतं.

ह्याचा थोडा उलगडा मला सरांच्या बायकोकडून झाला. काकू मोती डूंगरीला भेटल्या होत्या, परतताना पायरीवर बसून बोलल्या. सर अठरा वर्षांचे असताना त्यांनाही डॉक्टर व्हायचं होतं. परीक्षेच्या आधी महिनाभर, घरात पंगत बसली होती. सरांनी सहज माणसं मोजली, तर एक कमी. पुन्हा मोजली, पुन्हा एक कमी. पानं बरोबर, माणसं बरोबर, पण मोजणीत एक येईचना. अजाण पोरगा, हसत हसत मोठ्याने बोलला. नाना, तुम्हाला धरलं तर एक जास्त होतं आणि सोडलं तर बरोबर येतं, म्हणाला. बापाने हातातला घास खाली ठेवला. त्या दिवसापासून माणूस जेवेना, उठेना. परीक्षेच्या आठवड्यात गेला. धाकट्याने बापाला खाल्लं असं भावकी म्हणाली. सर परीक्षेला गेले ते अर्ध्यातून उठून आले आणि पुन्हा बसले नाहीत.

"म्हणून ते माणूस सांगत नाहीत," काकू म्हणाल्या. "मुलाला फक्त सांगतात, यंदा नको."

मी विचारलं, सरांना कळतं का, कोण ते? काकू प्रसादाची पुडी बांधायला लागल्या.

आता माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते. हे सांगताना माझा आवाज बदलतो असं लोक म्हणतात. बदलू दे.

कुमुद माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आमचे वडील, अण्णा, विमा कंपनीत होते. साताऱ्याहून बदली होऊन आम्ही जयपूरला आलो तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्यामुळे तिचं मराठी म्हणजे अर्धं भय्याचं. "ताई, मतलब मी काय म्हणते," अशी तिची सुरुवात. पहिल्याच हिवाळ्यात तिचे गुडघे सुजले होते, ताप आला होता, आईने ओव्याच्या तेलाने चोळून चोळून बरे केले. इथली थंडी बाधली, असं आम्ही धरून चाललो. पुढे गुडघे कधी दुखले नाहीत. उलट गालांवर असा रंग चढला की बघत राहावं. लाल, जांभळट लाल. जयपूरची हवा मानवली हो पोरीला, असं येणारी प्रत्येक बाई म्हणायची, आणि आई मीठमोहरी ओवाळायची.

जयपूरच्या सोडाला भागात आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. बावीस पायऱ्या. कुमुद मधल्या पायरीवर हटकून थांबायची आणि रस्त्यावरचे उंट बघते आहे असं दाखवायची. मी तिला आळशी म्हैस म्हणायचे. रोज म्हणायचे. ह्या शब्दासाठी मला देव क्षमा करेल की नाही, ठाऊक नाही. मी तरी केलेली नाही.

तिला डॉक्टर व्हायचंच होतं. हौस म्हणून नव्हे, दुसरं काही तिला सुचतच नव्हतं. लहानपणी ती बाहुलीला औषध द्यायची आणि मोठेपणी अण्णांना. प्री-मेडिकलच्या वर्षात तिची तयारी अशी झाली होती की यंदा बसली असती तर निघालीच असती, हे मी बहीण म्हणून नाही, शिकवणारी म्हणून सांगते. अण्णांचंही म्हणणं, यंदाच बस, पुढल्या साली माझी बदली कुठे होते कुणास ठाऊक. सगळं ठरलेलं होतं. पण वर्गातल्या सगळ्या मुलांनी सरांना चहा पाजला होता, मग हिला चैन पडेना. मी सरांना कधी घरी बोलावलं नव्हतं, आणि त्यांनीही इतक्या वर्षांत आमच्या घराचा विषय काढला नव्हता. एक दिवस ती स्वतःच तिलक नगरला गेली आणि त्यांना टांग्यात घालून घेऊन आली.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. दुपारचे तीन. अण्णा मुद्दाम कचेरीतून लवकर आले होते, असल्या गोष्टी मी मानत नाही हे सरांना तोंडावर सांगायला. आई पोहे करत होती, ती हात पुसत बाहेर आली. मी होते. सर दाराशी उभे राहिले आणि त्यांचे ओठ हलले. कुमुद खाली टांगेवाल्याला थांबायला सांगायला मागे राहिली होती, ती पायऱ्या चढून आली, सरांच्या बाजूने आत शिरली आणि आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. दम लागला होता, गाल लाल. हसत होती. सरांचे ओठ पुन्हा हलले.

"तिघंच ना तुम्ही घरी?" सर म्हणाले.

अण्णा मोठ्याने हसले. "अहो, चौघं. ही काय समोर चौघं उभी आहोत."

सर बसले. चहा बशीत ओतला, पण बशी तोंडाला लावली नाही. आईने पोह्यांचं विचारलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. ते कुमुदकडे बघत होते. ती त्यांना कुठला तरी प्रश्न विचारत होती, हृदयाच्या झडपांचाच, मला आठवतं. सरांनी उत्तर अर्धवट सोडलं, छत्री उचलली आणि म्हणाले, "यंदा नको, कुमुद." ती काही बोलायच्या आत पायऱ्या उतरून गेले.

अण्णा चिडले. मूर्खपणा आहे, फॉर्म उद्याच्या उद्या भर, म्हणाले. पण आई रडायला लागली आणि कुमुदने फॉर्म कपाटात ठेवून दिला. मला दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात ती शांतपणे म्हणाली, "ताई, मतलब अण्णांना काही होणार असेल, तर मी परीक्षा कशाला देऊ? घरी राहते. बघते त्यांच्याकडे."

अण्णांनाच होणार हे आम्ही मनाशी ठरवून टाकलं होतं. पन्नाशी उलटलेली, विडीचा नाद, रागीट. तेच ना? तरी आईने कुणालाच सोडलं नाही. आम्हा सगळ्यांना दवाखान्यात नेलं. अण्णांचा कार्डिओग्राम, रक्त, लघवी. आईची तपासणी. माझ्या छातीचा फोटो. तीन फायली झाल्या, आणि त्या तिन्ही फायली काखेत धरून कुमुद आमच्यामागे चालत होती. डॉक्टरांशी तीच बोलायची, इंग्रजीतून, ऐटीत. तिला तपासावं असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. का येईल? "यंदा नको" मुलाला सांगतात ते मुलाला वाचवायला, ह्यावर सगळं जयपूर ठाम होतं. मरायचं ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी. मुलगा मागे राहून पुढल्या साली बसणार. हे इतकं सरळ होतं की त्यात प्रश्नच नव्हता.

ते वर्ष आम्ही कसं काढलं ते आमचं आम्हाला माहीत. अण्णा विडी सोडून बसले, मीठ सोडलं, सायकल सोडली. नवस न मानणारा माणूस, शिंक आली तरी छातीवर हात ठेवायचा. जेवताना आम्ही एकमेकांना चोरून बघायचो. कुणाला ठसका लागला की चौघांचे घास थांबायचे. आई मला अंघोळीला वेळ लागला तरी दार वाजवायची. कुमुद तेवढी मजेत होती. सकाळी अण्णांची नाडी बघायची, वहीत लिहायची आणि अभ्यासाला बसायची. पुढल्या मेसाठी. रोज. एक दिवस चुकली नाही. पुस्तक छातीशी धरून उशांना टेकून वाचायची, कारण आडवं झालं की खोकला येतो म्हणायची. इथली धूळच तशी, आम्ही म्हणायचो.

मे आला, तिच्या वर्गातल्या मुलांची परीक्षा झाली, जुलैत ती मुलं मेडिकलला लागली. कुमुदने सगळ्यांना घरी बोलावून गुलाबजाम केले. दिवाळी झाली. डिसेंबर संपला. अण्णा ठणठणीत! नव्या सालचे फॉर्म निघाले आणि आईने देवापुढे साखर ठेवली. आमच्या घरात वर्षाने पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने भांडलं, अण्णाच, भाजीत मीठ नाही म्हणून. कुमुदने फॉर्म भरला, फोटो चिकटवला, स्वतः जाऊन देऊन आली.

संक्रांतीच्या दिवशी जयपूरच्या गच्च्यांवर पाय ठेवायला जागा नसते. अख्खं शहर पतंगांना. कुमुदला दोन दिवस बारीक ताप होता, तरी ती गच्चीवर गेली. मी खाली तिळाच्या वड्या थापत होते. वरून पोरांचा "वो काटा" चालला होता, आणि त्यातून अण्णांची हाक आली. कुमुद कठड्याला टेकून बसली होती. श्वास घेत होती पण तो आत जात नव्हता. ओठ निळे. तोंडाला गुलाबी फेस. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता, मग तो नुसताच हात राहिला.

सर येऊन गेले त्याला वर्ष व्हायला चार दिवस कमी होते.

दवाखान्यातले डॉक्टर भले होते. त्यांनी अण्णांना बसवून समजावलं. लहानपणी सांध्यांचा ताप येतो, तो गुडघे सोडून जातो पण हृदयाची झडप आवळून ठेवतो. ते गाल त्यामुळे लाल होते. तो दम, तो खोकला त्यामुळेच. आता ह्यावर शस्त्रक्रिया होते, मुंबईला, वेल्लोरला मुलं बरी होऊन आलेली त्यांना ठाऊक होती. मग कुमुदने गेल्या साली मेडिकलची परीक्षा कशी टाळली ते त्यांना कुणीतरी सांगितलं, तेव्हा ते नकळत बोलून गेले. अरेरे, गेल्या साली मेडिकलला लागली असती तर. प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाच्या छातीला नळी लावतात. तिथे पहिल्या मिनिटात कळलं असतं.

अण्णा तिथून उठले ते भिंतीला धरून धरून चालायला लागले.

तेरावा झाल्यावर मी तिलक नगरला गेले. दार काकूंनी उघडलं. सर आतल्या खोलीत खाटेवर बसले होते, कोट घालून, कुठे जायचं नव्हतं तरी. मी बसले नाही. तुम्हाला कळलं होतं का, एवढंच विचारलं.

"इतर घरी कळत नाही," ते म्हणाले. "एक कमी येतो, कोण ते कळत नाही. तुमच्या घरी कळलं. ती आत आली तरी तीनच राहिले."

"मग बोलला का नाहीत? तिला तपासा म्हणाला असतात तर तपासलं असतं आम्ही!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाचं इतकं भ्यालेलं तोंड मी पाहिलेलं नाही. म्हणाले, एकदा बोललो होतो. मग म्हणाले, "मला वाटलं, पोरीला एकच वर्ष आहे. ते अभ्यासात कशाला जावं. खेळेल, हिंडेल, आईजवळ राहील."

मी त्यांना सगळं सांगितलं. काहीही राखलं नाही. ती वर्षभर काय करत होती ते सांगितलं. रोज उशांना टेकून अभ्यास करत होती, सर, आणि अण्णांची नाडी बघत होती. आणि मग डॉक्टर काय म्हणाले, ते सांगितलं. परीक्षेला बसली असती तर वाचली असती. मला त्या माणसाला दुखवायचं होतं, आणि मी दुखवलं. सरांचे ओठ हलायला लागले. मोजत नव्हते. बोलायचा प्रयत्न करत होते. काकूंनी मला दंडाला धरून हळूच बाहेर आणलं.

त्यानंतर त्यांनी कुणाकडे चहा घेतला नाही. फॉर्मची मुदत संपेपर्यंत कॉलेजच्या फाटकाशी उभे राहायचे आणि विचारो न विचारो, प्रत्येक मुलाला म्हणायचे, "इसी साल बैठो." कच्च्या मुलांनाही. मुलं बावचळून जायची. आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत चार महिने काम करत होतो आणि कामाव्यतिरिक्त बोलत नव्हतो. कुमुदचं प्रवेशपत्र एप्रिलमध्ये टपालाने घरी आलं. अण्णांनी ते उघडलं नाही.

मे महिन्यातल्या त्या परीक्षेला हॉलमध्ये आम्हा दोघांना देखरेख होती. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. बाहेर लू, म्हणजे भाजणारा वारा, वाहत होती, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, छताचे पंखे पूर्ण वेगात. बाकांवर खडूने नंबर घातलेले. तिचा नंबर सरांच्या रांगेत, खिडकीपासून दुसरा. बाक रिकामा. घंटा झाली, सर रांगेतून प्रश्नपत्रिका वाटत गेले, आणि त्या बाकावरही त्यांनी उत्तरपत्रिका ठेवली, वर प्रश्नपत्रिका ठेवली, आणि तिथेच उभे राहिले.

अर्ध्या तासाने केंद्रप्रमुख आले. गैरहजर मुलांचे कागद गोळा करायचा नियम होता. त्यांनी बाकाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि कागद उचलायला हात पुढे केला.

"रहने दीजिए," सर म्हणाले. "उस को इसी साल बैठना था."

केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते पुढच्या रांगेत गेले.

पंख्याच्या वाऱ्याने ती प्रश्नपत्रिका सारखी उडत होती. सरांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून, पाठीत वाकून, तीन तास उभे राहिले. मी माझ्या रांगेतून त्यांना बघत होते. शेवटची घंटा झाली, सगळी मुलं उठून गेली, भँवरजी खिडक्या लावायला लागले, तरी त्यांनी हात काढला नाही.